काचेच्या दाराबाहेरची डावी चप्पल

मी एक जुनी कोल्हापुरी चप्पल आहे. जोडीतली डावी. मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण मी कचऱ्याच्या काळ्या पिशवीतून बोलते आहे आणि माझा पारा चढलेला आहे.

जन्म कोल्हापूरचा, पण आयुष्य गेलं करी रोडला, राजाराम मास्तरांच्या पायात. मास्तर चाळीमागच्या सिमेंटच्या मैदानावर मुलींना बास्केटबॉल शिकवायचे. त्या मैदानाची एक रीत होती. विहाराबाहेर काढतात तशी प्रत्येक प्रेक्षकाने चुन्याच्या रेषेबाहेर चप्पल काढायची, मगच सामना बघायला बसायचं. आम्ही चपला ओळीने ऊन खात पडायचो. कोणी आम्हाला कधी हात लावला नाही. माझा अंगठा तीनदा तुटला, मास्तरांनी तीनदा शिवून घेतला. त्यांची नात प्रिती तर सामन्याआधी मला फडक्याने पुसून ठेवायची.

पुढे तिथे टॉवर आला आणि मैदान गेलं. प्रिती मात्र मोठ्या व्यावसायिक संघात निवडली गेली. आज परळच्या नव्या बंदिस्त स्टेडियममध्ये तिचा पहिला सामना होता. तिने दिलेलं तिकीट मास्तर आठवडाभर खिशात घेऊन फिरत होते. तिला तिथे खेळताना एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच त्यांचं मागणं.

आणि ते स्टेडियम! दारावर भला मोठा डिजिटल पडदा, त्यावर लिहिलेलं, 'प्रेक्षक हाच आमचा राजा'. टाळ्या कधी वाजवायच्या तेसुद्धा पडदाच सांगतो म्हणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मास्तरांनी सवयीने आम्हाला काचेच्या दाराबाहेर भिंतीशी नीट लावून ठेवलं आणि अनवाणी रांगेत उभे राहिले. गार्डने त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"काका, असं अनवाणी सोडता येत नाही. चपला घालून या."

मास्तर परतले तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. सफाईवाल्या दौलतने बेवारस समजून आम्हाला पिशवीत कोंबलं आणि गाठ मारून पिशवी खांबामागे टाकली. पिशवीला एक भोक होतं, त्यातून मला सगळं दिसत होतं. त्याला तरी काय बोल लावू? भिंतीशी काही दिसता कामा नये, असा त्याला हुकूम होता. मास्तरांनी वाकून वाकून शोधलं. चपला कोणी चोरेल हे त्यांना पटत होतं, कचऱ्यात टाकेल हे त्यांच्या डोक्यातच येईना. पुन्हा जाऊन त्यांनी तिकीट दाखवलं, नातीचं नाव सांगितलं. गार्ड म्हणाला, नियम म्हणजे नियम.

दोन तास ते समोरच्या फूटपाथवर उभे राहून आतला कल्ला ऐकत होते. मी दहा पावलांवर होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

सामना संपला. प्रिती मैत्रिणीबरोबर बाहेर आली आणि नेमकी माझ्या खांबापाशी थांबली.

"एक मिनिट पण उतरवलं नाही गं मला," ती म्हणाली. "बेंचवरच बसून होते. आता आजोबांना काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात मास्तर रस्ता ओलांडून लगबगीने आले.

"सगळं बघितलं हां मी," ते म्हणाले. "शेवटची बास्केट काय झकास टाकलीस."

प्रितीने त्यांच्या धुळीने माखलेल्या पायांकडे पाहिलं.

"तुमच्यासाठीच टाकली, आजोबा."

मित्रांनो, मला कचऱ्यात टाकल्याचा राग मी गिळला असता. हा राग गिळवत नाही. बांधा मोठी मैदानं, लावा पडदे. पण दारातल्या माणसाला नियम ऐकवण्याआधी एकदा विचारा, बाबा, तू कोणाला बघायला आला आहेस?