हलकं विरजण

“बाई, तुमची ही कुपी घर चुकलीये,” जनुकं वाचणारी सहकारी म्हणाली आणि तिने संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला.

बाईंनी चष्मा पुसला. डेअरीच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात दूध आंबवणाऱ्या जंतूंची वर्गवारी करण्यात गेली होती. जात एकच, उपजाती दोन. एक राकट : उष्म्यात वाढते, मिठात तग धरते, आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल फोडून अमोनिया सोडते. दुसरी नाजूक, जरा ऊब वाढली की मान टाकणारी. पण दह्याला मऊपणा आणि सुवास द्यावा तर तिनेच. “माणसांच्या जाती कमी पडल्या, म्हणून जंतूंच्या काढतेस होय?” अशी दादा, त्यांचा थोरला भाऊ, चेष्टा करायचा.

“हिचं वागणं राकट आहे, पण कूळ नाजूक उपजातीचं,” सहकारी सांगत होती. “अशी दोन्हीकडची फार क्वचित सापडते. वास तर काय येत असेल दह्याला! कुठून आणली होती?”

“वहिनीकडून,” बाई म्हणाल्या.

ते विरजण वहिनींनी माहेरहून आणलं होतं. त्यावर दादाचं दह्याचं दुकान नावारूपाला आलं. मग कुणीतरी म्हणालं, शिकलेली बहीण घरात आहे, तपासून तरी घ्या. बाईंनी तपासलं, आणि त्यातलं थोडं वाळवून एका कुपीत जपून ठेवलं. सगळ्या चाचण्यांनी एकमुखाने राकट उपजातीकडे बोट दाखवलं.

“वाईट आहे का हो, वन्सं?” वहिनींनी विचारलं होतं.

“वाईट नाही गं, हलकं आहे. मी डेअरीतलं देते.”

दादाने त्याच दिवशी विरजणाचं जुनं भांडं घासायला टाकलं. पुढे गिऱ्हाईक हळूहळू पांगलं, दुकान मिटलं. त्याचं खापर कुणी कुणावर फोडलं नाही.

बाईंनी कुपीत उरलेली चिमूटभर भुकटी निर्जंतुक दुधात सोडली. दोन दिवस वाट पाहिली. दूध दूधच राहिलं. कुपीच्या काचेला कधीतरी तडा गेला होता, आत हवा शिरली होती. मेलेल्या पेशींतून जनुकं वाचता येतात, दही लावता येत नाही.

रविवारी त्या वहिनींकडे गेल्या. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती. वहिनी गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांजवळ बसल्या होत्या. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

“चाचण्या खोट्या नव्हत्या गं. पण तेव्हा आम्ही फक्त वागणं बघत होतो, कूळ बघायची सोयच नव्हती. तुझं विरजण लाखात एक होतं. तुझ्या माहेरी कुणाकडे...”

“माहेरी कोण उरलंय? गुरं गेली, घर गेलं.” वहिनींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “म्हणजे माझा हात गेला नव्हता?”

“कसला हात?”

“दह्याचा. चव उतरली तेव्हा मला वाटलं, माझ्याच हाताचा गुण गेला. भांडी उकळून उकळून घासायची मी. ह्यांना कधी बोलले नाही. म्हटलं, वन्सं एवढं चांगलं विरजण देतात आणि आपल्याला साधं दही जमेना.”

बाईंना ओरडून सांगावंसं वाटलं की तसं काही नव्हतं, कधीच नव्हतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, “मला एकदा विचारायचं तरी होतंस, वहिनी.”

“तुम्हाला काय विचारणार? तुम्ही तपासून सांगितलं होतंत.”

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

“मी शोधते,” बाई म्हणाल्या. “त्या जवळपासचं एखादं नक्की मिळेल. लावशील पुन्हा?”

“नको. आता खाणारं कोण आहे?”

वारा सुटला. दोरीवरची मोठी चादर फडफडून वहिनींच्या तोंडावर आली. त्या उठल्या, चिमटे काढले आणि चादरीचं एक टोक बाईंकडे दिलं. दोघींनी ती ताणली, दुमडली, टोकाला टोक जुळवत जवळ आल्या. वहिनींनी बाईंच्या हातातली टोकं आपल्या बोटांत घेतली.

“सोडा आता,” त्या म्हणाल्या. “धरलीये मी.”