बांबूची तीन कडी

एच्चू प्रांतातली सव्वीस घरं उत्तरेच्या बेटावर रान तोडून शेती करायला निघाली, तेव्हा त्यांनी मोहेई पिंपवाल्याला आग्रह करकरून बरोबर घेतलं. पिंपवाल्याशिवाय गाव बसणार कसं? पाण्याची बादली त्याची, अंघोळीचं पिंप त्याचं, मुळे खारवायचं त्याचं, शेतात सोनखत न्यायचंही त्याचंच. आणि माणूस गेलं, की गुडघे पोटाशी घेऊन, हात जोडून त्याला बसवायचं आणि अग्नीला द्यायचं, तेही पिंपच.

"पहिली अंघोळ माझ्याकडे, शेवटची बैठक माझ्याकडे," मोहेई म्हणायचा. "मधे कुठं हिंडायचं ते हिंडा."

पिंपाला लाकूड लागतं आणि ते आवळायला बांबूची कडी. लाकूड इथं रग्गड होतं. बांबू नव्हता. डोंगरभर माजलेलं होतं ते बोटाएवढं बांबूगवत. चिरायला घेतलं की हातात भुगा. मोहेईनं गावाकडून चिरलेल्या बांबूचे चार भारे आणले होते आणि ओल्या पेंढ्यात गुंडाळून बांबूचा एक कंद. तो त्यानं घरामागे लावला. पहिल्याच हिवाळ्यात कंद गेला. हे त्याच्या बायकोला, कियोला, कळलं होतं आणि त्यालाही कळलं होतं. तरी दर वर्षी बर्फाच्या आधी तो त्या जागी पेंढा पसरायचा आणि कियो मुकाट्यानं पेंढा आणून द्यायची.

पाचव्या वर्षी भाऱ्यांतलं एकच वेटोळं उरलं. तीन कडी होतील एवढं. एका माणसाच्या पिंपाला तीनच लागतात. पहिल्या वर्षापासून ते चुलीवर आढ्याला टांगलेलं होतं. धुरात राहिलं म्हणजे कीड लागत नाही, त्याचा बापही तसंच टांगायचा.

"आपल्या दोघांत जो आधी जाईल, त्याचं ते," तो म्हणाला.

"मग तुम्हीच जा आधी," कियो ज्वारीचं पीठ मळत म्हणाली. "माझे गुडघे दुखतात. मला कोण दुमडणार?"

"आणि मी गेल्यावर तुझं पिंप कोण करणार?"

"मी आपली पोत्यात बसेन. अमिदा बुद्ध काय पोतं बघून माघारी फिरवणार आहे?"

तो हसला. पण तिला ठाऊक होतं, वेटोळ्याकडे बघितल्याशिवाय तो झोपत नाही. बाप बसून गेला, आजा बसून गेला. शेजारी रस्ता खणायला आणलेल्या कैद्यांच्या छावणीत मेलेल्या माणसांना आडवं टाकून मातीत लोटतात, हे बघून आला त्या दिवशी तो जेवला नव्हता.

त्या साली सोयाबीन चांगलं आलं. बायांनी ते शिजवलं, कुटलं, मिठात कालवलं. आणि गावाच्या सामाईक पिंपात भरायला घेणार, तोच त्याची जुनी कडी कुजून तुटली. त्या पिंपात आंबून मुरणारं मिसो म्हणजे सव्वीस घरांची वर्षभराची आमटी. तिच्यावाचून हिवाळ्यात नुसत्या बटाट्यावर राहायचं.

गावचा म्होरक्या देन्जिरो दारात येऊन बसला. वर आढ्याकडे एकदा बघितलं आणि मग जमिनीकडेच बघत राहिला.

"मोहेई, लेका, मी काही मागायला आलेलो नाही."

"मग वर काय कोळिष्टकं मोजत होतास?"

"बायका रडतायत रे."

मोहेईनं रंधा उचलला आणि फळी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पंथाच्या आद्य गुरूंची पुण्यतिथी होती. कीर्तनाला र्योगेनबुवा बर्फातून दोन दिवस चालत आले. काय त्या माणसाचा गळा! बोलता बोलता शब्द कधी सुरावर चढतो कळायचंच नाही, आणि चढला की खोपटातली चाळीस माणसं एका श्वासाची होऊन जायची. बुवांनी त्या दिवशी उसन्या देहाचं आख्यान लावलं. देह उसना, घर उसनं, हातातली कला उसनी. मालक हाक मारील तेव्हा मोकळ्या हातानं ओ द्यायची. म्हाताऱ्या नाम घेत डोळे पुसत होत्या. कियोही पुसत होती. शेजारी मोहेई ताठ बसून आसवांनी ओलाचिंब झाला होता.

घरी आल्यावर त्यानं शिडी लावली आणि वेटोळं खाली काढलं.

"नीट विचार केलात?" कियोनं विचारलं.

"विचार करत बसलो तर देणार नाही."

त्यानं ते पाण्यात भिजवलं, वाफेवर धरलं आणि पीळ घालू लागला. पहिल्याच वळणाला आतून बारीक टक् असा आवाज आला. कियोनं मान वर केली. बाप बांबू धुरात टांगायचा तो एक हंगाम. इथं चूल वर्षातले नऊ महिने धडधडते, आणि वेटोळं तिच्यावर पाच वर्षं होतं. बांबू राखला नव्हता; भाजला होता. मोहेईचे हात क्षणभर थांबले. मग तो पीळ घालू लागला, आणि तिनं मान खाली घातली.

संध्याकाळी पिंप भरलं. देन्जिरोनं झाकणावर दगड ठेवले आणि मोहेईच्या पायावर डोकं ठेवू लागला, तेव्हा मोहेईनं त्याला ढकललं. "ऊठ. बायकांसारखा रडतोयस."

ऐन थंडीत, झाडं रात्रंदिवस तडकत होती त्या आठवड्यात, तिन्ही कडी गेली. सकाळी जाऊन बघतात तर फळ्या उघडलेल्या, मिसो जमिनीवर पसरून गोठलेलं आणि त्यात कोल्ह्यांची पावलं. कुणी मोहेईला एका शब्दानं बोललं नाही. ते त्याला सोसवलं नाही. रानद्राक्षाच्या वेली तरी आवळायला मिळतात का बघतो म्हणून तो छातीभर बर्फात शिरला. तीन दिवस शिरत होता. वेली ठिसूळ निघाल्या. चौथ्या दिवशी त्याला ताप भरला.

नवव्या दिवशी त्यानं डोळे उघडले. "कियो, तो आवाज तू ऐकलास ना?"

"कसला आवाज?"

"तू आयुष्यात नीट खोटं बोलू शकली नाहीस," एवढं म्हणून तो भिंतीकडे वळला. नाम त्यानं घेतलं का, ते तिला ऐकू आलं नाही. कान लावून बसली होती तरी.

तो गेल्यावर देन्जिरो खिळ्यांची लांब पेटी करू म्हणाला.

"आडवे ते फक्त झोपायला व्हायचे," कियो म्हणाली. "बसवा त्यांना."

"वहिनी, कशात बसवू?"

मग त्यांनी मिसोच्या पिंपाच्याच फळ्या आणल्या, आखूड कापल्या, त्याच्याभोवती उभ्या केल्या आणि गवती दोरानं आवळल्या. खारट वास येत होता. बुवा तीन खोरी पलीकडे होते. देन्जिरोनंच सूत्र म्हटलं, अर्धं विसरला. बर्फ तुडवून ओंडके रचले, वर मोहेईला ठेवलं.

दोर आधी जळाला. जळणारच होता, सगळ्यांना माहीत होतं, पण तसं व्हायच्या आत कुणी म्हणालं नव्हतं. फळ्या एकेक करून बाहेर पडल्या, आणि मोहेई कुशीवर कलंडला, आडवा झाला. लांब काठी घेऊन देन्जिरो पुढं सरसावला.

"राहू दे," कियो म्हणाली.

वसंतात सात घरं गाव सोडून गेली. दुसरा पिंपवाला आणू म्हणाले होते, तो कुणी आला नाही. बादल्यांची कडी सैल होत गेली. कियो रोज नदीवर जाते, बुवांच्या त्या आख्यानातली ओळ पावलांच्या तालावर म्हणत. सूर तिला धरता येत नाही. घरी पोचेपर्यंत बादली अर्धी होते, म्हणून ती भरभर चालते.