एक माणूस वाचला

मी एक जुने स्टूल आहे. मित्रांनो, स्टुलाला त्याची कहाणी कोणी विचारत नाही. लोक आमच्याकडे येतात तेच मुळी पाठ करून. म्हणून मी न विचारताच सांगते.

माझा जन्म नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. पितळेचा माल ज्या लाकडी खोक्यांतून येई, त्यांच्या फळ्या जोडून सुताराने मला घडवले. सुताराचा हात चांगला होता, पण त्या दिवशी त्याचे लक्ष ठिकाणावर नसावे. माझा एक पाय तोकडा राहिला. मी डुगडुगत असे, आणि बसणारा शिव्या घालत उठत असे. बरेच दिवस मी असे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरले. शेवटी आक्काच्या नजरेस पडले. तिने नळात बसवायची एक रबरी चकती माझ्या तोकड्या पायाखाली चिकटवली, बसून पाहिले आणि म्हणाली, "झालं. आता कशाला कुरकुरतंस?" त्यानंतर मी कुरकुरले नाही.

आक्का सगळ्या कारखान्याची आक्का होती. नवरा गेल्यापासून ती धाकट्या भावाच्या घरी राहत होती. माझ्यावर बसून ती नळात चकती घाली, वर मूठ चढवून आवळी आणि तयार नळ शेजारच्या क्रेटमध्ये ठेवी. त्याच लांब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची भावजय काम करी. तिला आक्कानेच कामाला लावून घेतले होते. तिचे पाय एका जागी ठरत नसत, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आक्काने जोडलेला नळ पाण्याच्या टाकीत बुडवायचा, त्यात हवा सोडायची, बुडबुडे आले तर बाजूला टाकायचा आणि नाही आले तर पुसून खोक्यात भरायचा, हे तिचे काम. ती ते उभ्यानेच करी. बसायला सांगितले तर तिला शिक्षा वाटे.

क्रेट भरला की आक्का तो उचलून टेबलाच्या त्या टोकाला नेई. पितळ ते, हलके थोडेच असणार!

"वन्सं, राहू द्या, मी येते उचलायला," भिंगरी तिकडून ओरडे.

"तू इकडे येशील तोवर तुझी खोकी कोण भरणार? माझा भाऊ? त्याला घरात स्वतःचं ताट उचलवत नाही."

दोघी हसत. आक्का कमरेवर हात ठेवून परत येई आणि हळूच माझ्यावर टेके. तिच्या पाठीत काय चालले आहे हे फक्त मला कळत होते, कारण ती दुखत असली की आक्का माझ्यावर एका अंगावर बसे.

मग कारखान्यात सुधारणेचे वारे वाहू लागले. एक तरुण साहेब आले. त्यांच्या गळ्यात टिकटिक बंद-चालू करायचे घड्याळ असे, म्हणून त्यांचे नाव घड्याळवाले साहेब पडले. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितले, की कामात काम थोडे असते आणि वाया जाणेच जास्त असते. पान्हा शोधणे वाया. मालाची वाट बघत थांबणे वाया. उचललेले खाली ठेवणे आणि तेच पुन्हा उचलणे वाया. खोटे कशाला बोलू, त्यांचे म्हणणे बरोबर होते. आमच्याकडे पान्हा हरवला की निम्मी सकाळ तो शोधण्यात आणि उरलेली एकमेकांवर संशय घेण्यात जाई. साहेबांनी भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराला खुंटी दिली. जमिनीवर पिवळे पट्टे मारले. माझ्याभोवतीही एक पिवळा चौकोन आला.

"घे, तुझं घर झालं," आक्का मला म्हणाली. मला त्या चौकोनाचा फार अभिमान वाटला. तसे काही वाटल्याची माझी ती शेवटची आठवण असावी.

साहेब म्हणाले होते, "काम तुम्ही करता, तेव्हा सुधारणाही तुम्हीच सुचवा. आणि सुधारणेमुळे कोणाची नोकरी जाणार नाही, हा माझा शब्द आहे." ते मनापासून बोलत होते. साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. वाईट माणूस या गोष्टीत कोणीच नाही, त्यामुळे राग कोणावर काढायचा हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

एका दुपारी आक्काने क्रेट उचलला आणि ती अर्ध्यातच अडकली. ना वर येता येईना, ना खाली बसता येईना. भिंगरी हातातला नळ टाकून धावली, तिने क्रेट काढून घेतला आणि आक्काला धरून माझ्यावर बसवले. आक्का हसण्याचा प्रयत्न करत होती, पण तिच्या कपाळावर घाम आला होता. त्या दिवशी भिंगरी पहिल्यांदाच बराच वेळ एका जागी उभी राहिली. ती टेबलाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना थांबवले.

"साहेब, ती टाकी इकडे वन्संच्या शेजारी आणली तर? त्यांनी नळ जोडला की हातातल्या हातात मी घेईन, तसाच पाण्यात बुडवीन आणि खोक्यात टाकीन. मग क्रेट लागतोच कशाला?"

साहेबांनी टेबलाकडे पाहिले, टाकीकडे पाहिले आणि म्हणाले, "हे आधी कोणाला कसं नाही सुचलं?"

टाकी हलली. क्रेट गेला. आता उचलणे नाही, चालणे नाही. दोघी शेजारी-शेजारी आल्या आणि त्यांच्या गप्पा ओरडून न होता कुजबुजत होऊ लागल्या. आक्का माझ्यावर पुन्हा सरळ बसू लागली. ते थोडे दिवस फार चांगले गेले.

पण साहेबांचे घड्याळ चालूच होते. काम इतके सोपे झाले, की दोघींपैकी एकीचे हात अधूनमधून रिकामे राहू लागले. साहेबांनी भिंगरीला विचारले, "तुम्ही एकट्या करून बघता का जरा?" तिला वाटले, आपली परीक्षा घेताहेत. ती पदर खोचून उभी राहिली आणि तिने जोडणे, बुडवणे, भरणे सगळे एकटीने असे झपाझप करून दाखवले, की बघणारे बघत राहिले. आक्का बाजूला उभी राहून म्हणाली, "बघा, माझी भावजय आहे ती!"

पुढच्या सोमवारी सगळ्यांना आमच्या टेबलापाशी बोलावले. मोठे साहेब आले होते. भिंगरीचा फोटो फलकावर लावला होता. मोठे साहेब म्हणाले, "पूर्वी या कामाला दोन माणसं लागायची. आता एक पुरतं. यांच्या कल्पनेमुळे आपला एक माणूस वाचला!"

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या आक्काने वाजवल्या. वाजवता वाजवता तिचे हात सावकाश झाले आणि मग थांबले. भिंगरी तिच्याकडे बघत होती.

यानंतरचे मला रंगवून सांगता येणार नाही, कारण रडारड, भांडण असे काही झालेच नाही. आक्काला नोकरीवरून काढले नाही. साहेबांचा शब्द होता ना. तिला 'राखीव' केले. राखीव म्हणजे जिथे कोणी कमी असेल तिथे जायचे. कधी झाडायला, कधी पुठ्ठे उलगडायला. कुठेच कोणी कमी नसेल तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राही. मग तिला सांगितले, "आक्का, घरीच थांबा, गरज लागली की बोलावू." तिने रुमालात आपला चहाचा कप गुंडाळला आणि भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवून गेली. भिंगरीने हातातला नळ आवळून पूर्ण केला, पाण्यात बुडवला, बुडबुडे नाहीत हे पाहिले आणि खोक्यात भरला.

मी चौकोनात रिकामे उभे होते. नव्या पद्धतीत काम उभ्यानेच होते, त्यामुळे मी नको असलेल्या वस्तूंत मोडले. माझ्यावर लाल चिठ्ठी चिकटली. मला भंगाराच्या कोपऱ्यात नेले आणि माझ्याभोवतीचा पिवळा चौकोन घासून काढला. मला वाईट वाटायला हवे होते, पण काहीच वाटले नाही. फार वेळ दबलेल्या पायाला चिमटा काढला तर कळत नाही, तसे माझे झाले होते.

भंगारवाला येणार त्या दिवशी भिंगरी साहेबांकडे गेली आणि मला मागू लागली.

"न्या," साहेब म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी वर बोललो होतो त्यांच्यासाठी. खूप बोललो."

"हो," भिंगरी म्हणाली.

"तुम्हाला राग आला असेल."

"नाही साहेब. काहीच नाही आला."

असे मी त्यांच्या घरी आले. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. आक्काने मला पाहिले, पायाखालची चकती शाबूत आहे का तेही वाकून पाहिले आणि ओट्याखाली सरकवले. ती माझ्यावर बसली नाही. घरी ती सतत उभी असे. घासलेले पुन्हा घाशी, पुसलेले पुन्हा पुशी. तिचा भाऊ म्हणे, "आक्का, बस गं जरा." ती म्हणे, "बसून काय करू?"

भिंगरी संध्याकाळी येई. दिवसभर एकाच जागी उभे राहून तिच्या पायांना मुंग्या येत आणि मग मुंग्याही येईनाशा झाल्या. एके काळी कारखान्यात भिरभिरणारी ती भिंगरी घरात एका जागी बसून राही. "काय झालं?" विचारले, तर "काही नाही". दोघी एकमेकींशी गोडच बोलत. मीठ दे, दार लाव, पाणी गेलं का. चिडल्या असत्या तर बरे झाले असते.

एकदा भिंगरीची मुलगी फलकावरून उतरवलेला तो फोटो घेऊन स्वयंपाकघरात आली. खाली लिहिलेले तिने अक्षर लावून वाचले आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आई, एक माणूस वाचला? तू वाचवलंस? कोणाला?"

भिंगरीचे हात कणकेत होते. ते तिथेच थांबले.

"मला," आक्का म्हणाली. "माझी पाठ मोडली असती बघ. तुझ्या आईनं वाचवलं."

मुलगी खूश होऊन बाहेर पळाली. आक्काने मला ओट्याखालून ओढले, तिच्या मागे आणून ठेवले आणि म्हणाली, "बस. पाय बघ किती सुजलेत." भिंगरी बसली. मी तिला पहिल्यांदाच पेलत होते. आक्काहून ती हलकी, पण मला जडच वाटली.

त्यानंतर त्या थोड्या बोलू लागल्या. पुष्कळ नाही. एका संध्याकाळी भिंगरीने सांगितले, की साहेबांनी पुन्हा सगळ्यांना सुधारणा सुचवायला सांगितले आहे.

"मग? तुला सुचलं असेलच," आक्का म्हणाली.

भिंगरीने ओट्यावर डबा ठेवला, त्याच्याजवळ वाटी ठेवली आणि वाटी डब्याच्या पलीकडे सरकवली. कारखान्यात टाकीत पाणी भरणारी बाई आणि खोकी चिकटवणारी बाई अशा समोरासमोर केल्या की काय होईल, ते तिने दाखवले. दाखवताना तिचे हात पूर्वीसारखे भराभर फिरत होते. आक्का वाकून बघत होती.

"अगं, छानच आहे! उद्या सांग साहेबांना."

"नको, वन्सं."

"का?"

भिंगरीने वाटी उचलून फडताळात ठेवली.

"त्याच्यातही एक माणूस वाचतो," ती म्हणाली.

आक्का खाली बसली, माझ्यावर. कारखाना सोडल्यानंतर पहिल्यांदाच बसली, आणि एका अंगावर नाही, पुरी बसली.

मित्रांनो, मी लाकूड आहे, शहाणपण शिकवण्याइतकी माझी लायकी नाही. वाया घालवू नका, जरूर वाचवा. वेळ वाचवा, जागा वाचवा, पाठ तर वाचवाच. फक्त कोणी माणूस वाचला असे सांगितले, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढे विचारा, की वाचवून त्याला ठेवले कुठे?