आतल्या खोलीचं कुलूप

बेलीफबाईने बेलवर बोट टेकवायच्या आत दार सताड उघडलं.

"या ना ताई, आत या!"

शिवणकाम करणारी ती बाई माहेरचं माणूस आल्यासारखी हसत होती. बेलीफबाई जरा गांगरलीच. तिचं हे पहिलंच स्वतंत्र वॉरंट होतं. बाहेरचं दार फोडायचं नाही, कुणी आत घेतलं तर मात्र आतलं कुलूप तोडता येतं, आणि सूर्य मावळला की सगळंच थांबतं, हे तिने जिना चढताना तीनदा घोकलं होतं. इथे तर शेजारचे दोघे पंच म्हणून आधीच खुर्च्यांवर बसले होते. स्टुलावर हातोडीसुद्धा होती.

तिने वॉरंट वाचलं. फूटपाथवर शिवणाचं टेबल मांडल्याबद्दल दंड, तीन नोटिसा, भरणा काही नाही.

"जप्त करण्याजोगं काय आहे तुमचं?"

"आहे ते सगळं त्या खोलीत."

खोलीच्या दाराशी बाईचा दीर उभा होता. थोरला भाऊ गेल्यापासून घर त्याच्याच तंत्राने चालायचं.

"वहिनी रस्त्यावर बसून लोकांचे कपडे शिवते, म्हणून मीच कुलूप लावलं," तो म्हणाला. "किल्ली कुठे ठेवली, आठवत नाही. बसा, शोधतो सावकाश."

तो ड्रॉवर उपसू लागला, चपलांच्या कपाटातही डोकावला. पण नजर खिडकीकडे. ऊन समोरच्या गच्चीच्या कठड्यापर्यंत सरकलं होतं. पठ्ठ्याला कायदा पाठ होता तर!

"भावजी, खिसा बघितलात का?"

"खिशात कशाला ठेवीन?" म्हणताना त्याचा हात खिशावर गेलाच.

बेलीफबाईची कानशिलं तापली. तिने हातोडी उचलली.

"किल्ली द्या, नाहीतर तोडते."

"धमकी देता?"

"छे. अधिकार सांगते."

पहिला घाव हुकला. दुसऱ्याला कडी वाकली, पंच उठून उभे राहिले. तिसऱ्याला कुलूप खणकन फरशीवर पडलं, आणि बेलीफबाईला शाळेतल्या पोरीसारखी उडी मारावीशी वाटली. कशीबशी आवरली तिने.

आत चादरीखाली शिलाई मशीन होतं. दुसरं काहीच नाही.

"पोटापाण्याचं साधन जप्त करता येत नाही," ती दिराकडे बघत म्हणाली, आणि लिहू लागली, "मशीन मालकिणीच्या ताब्यात दिलं. सही करा."

पंचांनी सह्या केल्या. दिरानेही केली, कागद फाटेल इतकी दाबून.

बाईने कमरेची पुरचुंडी सोडली आणि दंडाची रक्कम टेबलावर ठेवली. सुटे पैसेसुद्धा बरोबर.

"अहो, पैसे होते तर पहिल्याच नोटिशीला का नाही भरलेत?"

"मग तुम्ही आला असतात का, ताई?"

"पण हातोडी तर घरातच होती तुमच्या."

बाई मशीनशी बसली होती. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून तिने ते सुईत ओवलं.

"मी तोडलं असतं तर भांडण झालं असतं," ती म्हणाली. "तुम्ही तोडलंत, तर पंचनामा झाला."