निताईचा उपास

मी पिवळ्या टोपणाची रक्ताची नळी बोलतेय. माझ्यात भरलेलं रक्त निताईचं. पण गोष्ट सुरू होते त्याच्या बायकोच्या, शेफालीच्या नवसापासून. कूस उजवेना, तेव्हा तिने षष्ठीदेवीच्या वडाला दोऱ्याने खडा बांधला आणि बोलली, "आई, मूल मांडीवर येईपर्यंत इलिश मासा तोंडात घालणार नाही." बंगालातल्या गंगेकाठच्या आमच्या काटोआत इलिश म्हणजे जीव की प्राण; हे व्रत सोपं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पुढे इथल्या तपासणी केंद्रात खोक्यात पडून असायची. पाहायची ते एवढंच, की मुलासाठी बाह्या सरसावून बसायच्या त्या बाया. नवरे बाहेर चहा घेत उभे.

शेफालीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा डॉक्टरांनी निताईला पाठवलं. तो आला, पण तोंड फुगवून.

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना, दादा?" रक्त घेणाऱ्या मंदिरा नावाच्या मुलीने विचारलं.

"छे! निघताना आईने दह्याचा टिळा लावला, शुभ म्हणून दही आणि संदेश मिठाई भरवली, तेवढंच."

"मग उद्या या. पुरुषाची संप्रेरकं सकाळी, रिकाम्या पोटी मोजायची असतात."

निताई सुटल्यासारखा उठला. "उद्या दुकान कोण उघडणार?"

"अहो, तुमच्यासाठी मी इतके उपास केले," शेफाली हसून म्हणाली, "एक सकाळ तुम्ही करा. मीही करते सोबतीला."

दुसऱ्या दिवशी दोघं उपाशी आली. आईने पुन्हा वाटी पुढे केली, तर हा म्हणे म्हणाला, "आज माझं व्रत आहे."

मग सुई टोचली आणि मी भरले. मला गरगर फिरवलं, यंत्राने आपला घोट घेतला. निदान निघालं ते असं: मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोपच क्षीण होता. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनं घेऊ. वेळ लागेल, पण आशा आहे."

अहवालाचा कागद घ्यायला दोघं केंद्राच्या खिडकीशी आली.

"लोक तुला काय काय बोलले, आणि तू ऐकून घेतलंस," निताई म्हणाला. "आजपासून मीही इलिश सोडला."

"वेडे की काय! भर मोसमात?"

"सोडला म्हणजे सोडला."

आता मी वापरून टाकलेल्या नळ्यांच्या लाल पिशवीत आहे. कचऱ्याची गाडी आली की मी संपले. शेफालीच्या मांडीवर मूल आलं का, मला कळायचं नाही. बायांनो, नवस खुशाल बोला. फक्त शेफालीसारखं नवऱ्यालाही व्रतात घ्या. एक सकाळ, दोघांनी, रिकाम्या पोटी.