उलटी खाट

थप्पड पडायला अजून अवकाश होता, पण दशरथला हसू आधीच फुटलं होतं.

"आता बघ, आता बघ," तो जावयाच्या मांडीवर थाप मारत म्हणाला. "आता तो पिऊन येतो. चप्पल हातात घेऊन येतो बघ मेलो!"

"बाबा, किती वेळा बघितलंय आपण," निमेश म्हणाला. "पण प्रिंट बघा ना. एकदम झकास. कपाळावरचा घामपण दिसतो."

"घाम काय घेऊन बसलास? विगातले केस मोजून घे!"

दोघं हसले. सासरा आणि जावई, एका सोफ्यावर, गुडघ्याला गुडघा लावून. दाराशी प्रांजलची बॅग उभी होती. ती सकाळी दशरथनेच भरली होती. प्रांजल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाठ टेकून बसली होती आणि टीव्हीकडे नाही, बॅगेकडे बघत होती.

आत रत्नप्रभा बांगडे तळत होती. जावई जेवून मुलीला घेऊन जाणार, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं, असं विचारायचं नसतं. पुरुषांनी फोनवर ठरवलं.

मागच्या रविवारी प्रांजल नाहूरला माहेरी आली ती गाल सुजवून. निमेशने मारलं. घरात नाही, सोसायटीच्या गेटवर, वॉचमनसमोर. कारण काय, तर चुलत दिराच्या हळदीतून निघताना ती त्याला म्हणाली होती, "तू प्यायलायस, बाईक नको, रिक्षा करू." मित्रांसमोर म्हणाली. बायकोने मित्रांसमोर शहाणपणाचं बोलणं हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्याचा निकाल जागच्या जागी लागतो.

आठवडाभर दशरथ घरात येरझाऱ्या घालत होता. "एक थप्पड तर आहे," म्हणत होता. "पोरगा चांगला आहे, नोकरी आहे, बोरिवलीला स्वतःचा फ्लॅट आहे." आणि आज त्या चांगल्या पोराने सासऱ्यासाठी भेट आणली होती: जुन्या विनोदी नाटकांच्या डीव्हीडींचा संच, नव्याने साफसूफ करून बाजारात आलेला, चकचकीत खोक्यात. बायकोला सॉरी म्हणायला त्याला तोंड नव्हतं, पण सासऱ्याला काय आवडतं हे बरोबर माहीत होतं. संचात 'उलटी खाट' होतं.

डीव्हीडी प्लेअरला आता कुत्रं विचारत नाही. पण दशरथने आपला जपला होता, वर रुमाल घालून, पुसून. समोरचा मोठा टीव्ही मात्र प्रांजलच्या पगारातून आलेला, ती घाटकोपरच्या लॅबमध्ये लागली तेव्हा.

'उलटी खाट' या घरात देवासारखं होतं. आधी त्याच्या व्हीसीडी होत्या, दोन चकत्या. पहिली मध्यंतरापर्यंत, दुसरी पुढची. पहिली शेवटपर्यंत नवी राहिली. दुसरी घासून घासून मेली, कारण थप्पड दुसरीत होती.

प्रसंग असा: नवरा पिऊन घरी येतो. बायको बोलायला तोंड उघडते. तो खाडकन तिच्या कानाखाली वाजवतो आणि म्हणतो, "डास होता गं!" ती परत बोलायला जाते. परत खाडकन. "डास होता!" तिसऱ्यांदा ती स्वतःच गाल पुढे करते आणि म्हणते, "बसलाय का बघा हो अजून." थेटर कोसळतं. आणि नेमका तेव्हा कॅमेरा प्रेक्षकांत येतो. तिथे, तिसऱ्या रांगेत, तोंडावर पदर घेऊन गदागदा हसणारी एक तरुण बाई दिसते.

ती रत्नप्रभा.

"टीव्हीवर आली माझी बायको," असं दशरथ पूर्वी येईल त्या पाहुण्याला सांगायचा. पाहुणा आला की चहा, मग व्हीसीडी, मग दुसरी चकती. "बघा, सगळ्यात जास्त कोण हसतंय!" आणि पाहुणे गेल्यावर घरात कधी भाजीत मीठ कमी पडलं, कधी डबा उशिरा भरला, तर त्याचा हात उठायचा. आणि त्याचा लाडका विनोद तयार असायचा. "डास होता गो."

साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर मालकाच्या शिव्या खाणारा माणूस. तिथे एक डासही मारला नाही कधी. त्याचा हात थांबला तो शहाणपण आलं म्हणून नाही, खांदा धरला म्हणून.

रत्नप्रभाने त्याला हजारदा सांगितलं होतं. "मी त्याला नव्हते हसले. ते मध्यंतरात काढलेलं. तुम्ही चहाच्या रांगेत होतात."

"हसलीस ती हसलीस. कॅमेरा काय खोटं बोलतो?"

कॅमेरा खोटं बोलत नाही. नंतर कापाकापी करतात ते बोलतात. त्या दिवशी मुलुंडच्या थेटरात फुकट पास होते, कारण शूटिंग होतं आणि खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्या होत्या. मध्यंतरात कानाला हेडफोन लावलेला एक पोरगेला माणूस रिकाम्या स्टेजवर येऊन म्हणाला, "मंडळी, आता जरा हसून दाखवा. समोर कोणी नाहीय हे मलापण कळतंय, पण हसा. आपण नंतर लावून घेऊ." लोक लाजले. तो पुढे आला, त्याचा पाय वायरीत अडकला आणि तो सरळ स्टेजखाली बसलेल्या झांजवाल्याच्या मांडीत जाऊन बसला. झांज वाजली. रत्नप्रभा हसली. लग्नानंतर एवढी पहिल्यांदा हसली असेल.

मग पडदा उघडला आणि थप्पड आली. ती हसली नाही. तिचा हात आपोआप डाव्या कानावर गेला. त्या कानात दोन दिवसांपासून शिट्टी वाजत होती. शेजारी दशरथ कोपराने ढोसत होता, "हस ना गो, काय मयताला आलीस?"

हे सगळं तिने आज सकाळी बांगडे साफ करताना प्रांजलला सांगायचा प्रयत्न केला. म्हणाली, "तू जाऊ नको त्याच्याबरोबर. मी आहे."

प्रांजलने वर पाहिलं नाही. "तू आहेस?"

"म्हणजे काय?"

"आई, मी लहानपणापासून काय बघितलंय सांगू? बाबा तुला मारायचे. मग रविवारी ती सीडी लावायचे. त्यात ती बाई मार खायची आणि तू हसायचीस. मला वाटायचं असंच असतं. मार खायचा आणि रविवारी हसायचं." तिने पिशवीतलं कोकम उगाच चिवडलं. "आता तू मला सांगतेस जाऊ नको. तू तर हसलीस ना गं."

"मी नव्हते—"

"माहितीय. मध्यंतर. किती वर्षं तेच सांगतेस. कोण मानणार?"

रत्नप्रभाने बांगड्याचं डोकं छाटलं. तिला दशरथने मानलं नाही त्याचं काही नव्हतं. पण या पोरीने मानलं नाही, तर ही पोर आज बॅग उचलून जाणार होती.

बाहेरून दशरथ ओरडला, "ये गो बाहेर! आली बघ तुझी एंट्री! जावई थांबलेत!"

ती उलथनं हातात घेऊन बाहेर आली. टीव्हीवर पहिली थप्पड पडली. नवीन आवृत्तीत आवाजही साफ केला होता. खाडकन. प्रांजलने डोळे मिटले. ते रत्नप्रभाने पाहिलं.

"डास होता गं!" टीव्ही म्हणाला.

"डास होता!" दशरथ त्याच्याबरोबर म्हणाला. निमेशच्या ओठांवरही ते आलं होतं, पण त्याने बायकोकडे बघून गिळलं.

तिसऱ्यांदा बाईने गाल पुढे केला. थेटर कोसळलं. आणि कॅमेरा प्रेक्षकांत आला.

जुन्या चकतीत ती म्हणजे नुसते चौकोन होते. नाकाच्या जागी एक, तोंडाच्या जागी एक. आज अख्खी बाई आली. कुरळी बट, नथीचं भोक, काठाची अबोली साडी. तोंडावर पदर धरलेला डावा हात. आणि उजव्या हातात...

"थांबवा," रत्नप्रभा म्हणाली.

"काय?"

"थांबवा म्हटलं. मागे घ्या. निमेश, रिमोट तुमच्याकडे आहे ना? मागे घ्या."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, निमेशने निमूट मागे घेतलं. थांबवलं. बाई टीव्हीवर हसता हसता थिजली.

"हातात काय आहे?" रत्नप्रभाने उलथन्याने दाखवलं.

प्रांजल उंबऱ्यावरून उठली, टीव्हीच्या पुढ्यात आली.

"वडा," ती म्हणाली. "अर्धा खाल्लेला. कागदात आहे."

"नाटक चालू असताना आत वडा खायला देतात?" रत्नप्रभाने विचारलं. "डोअरकीपर लाथ घालेल. आणि बाजूची खुर्ची बघ. कोण आहे?"

"कोण नाही. रुमाल टाकलाय."

"कुणाचा रुमाल? अहो, तुम्ही सांगा. तुमचा चौकडीचा रुमाल. तुम्ही कुठे होतात?"

दशरथने मान खाजवली. "असेल बाहेर. वीस वर्षांनी वडा काढून बसलीस! जेवायचा टाइम झाला, पाहुणे आलेत—"

"मी थपडेला हसले नाही," रत्नप्रभा म्हणाली. ती आता नुसती दशरथशी बोलत नव्हती. "माझं हसू होतं ते. त्यांनी उचललं आणि नाटकातल्या बाईच्या थोबाडीत मारल्यावर चिकटवलं. आणि तुम्ही ते घरात आणून रोज वाजवलंत. पोरीला दाखवलंत. बघ, तुझी आई हसते. मग तूपण हस."

"आई, जाऊ द्या ना, नाटक आहे," निमेश म्हणाला. "कॉमेडी आहे. इतकं सिरियसली..."

"वॉचमनला काय म्हणालास?" प्रांजलने विचारलं.

ती टीव्हीकडेच बघत होती.

"कधी?"

"गेटवर. मला मारल्यावर. वॉचमन खुर्चीवरून उठला. तू त्याला काय म्हणालास?"

निमेश रिमोटची बटणं चाचपू लागला.

"सांग ना. मी सांगू? हसून म्हणालास, 'डास होता.'" तिने वडिलांकडे पाहिलं. "तुमच्याकडून शिकला, बाबा. याच सोफ्यावर."

आणि तेव्हा जे झालं ते झालं. दशरथच्या तोंडून हसू निसटलं. मनातून नाही. सवयीने. ते वाक्य ऐकलं की त्याचं तोंड आपोआप उघडायचं, जसं कुत्र्याचं भाकरी दिसली की उघडतं. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि त्याने तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता.

गॅसवर बांगडे करपायला लागले होते. रत्नप्रभा आत गेली, गॅस बंद केला, ताट वाढलं. भात, सार, दोन चांगले बांगडे. करपलेला बाजूला ठेवला. ताट आणून निमेशसमोर ठेवलं.

"जेवा."

"आई, मी—"

"घरी आलेल्याला उपाशी पाठवायची आमच्यात रीत नाही. जेवा, हात धुवा आणि जा. एकटे जा."

"गो, डोकं फिरलं काय तुझं?" दशरथ उठला. "माझ्या घरात मी ठरवणार कोण—"

"बसा," ती म्हणाली.

तो उभाच राहिला. पण पुढे आला नाही. उजवा खांदा त्याने नुसता डाव्या हाताने धरला.

निमेशने दोन घास खाल्ले, तेही काटे काढता न आल्यासारखे. मग बूट घातले. दारात बॅगेपाशी तो घुटमळला, कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. सासऱ्याकडे पाहिलं. सासरा पंख्याकडे बघत होता. दार लागलं.

प्रांजलने बॅग उचलली आणि आतल्या कपाटाच्या डोक्यावर ढकलली. मग टीव्हीसमोर फरशीवर येऊन बसली, लहान असताना बसायची तशी, अगदी पुढ्यात.

"किती लहान होतीस गं," ती म्हणाली. "माझ्याहून लहान."

"हं."

"गरम होता?"

"जीभ भाजली होती."

टीव्हीवरची बाई हसतच होती. कोणाला मारलेलं बघून नव्हे, एक माणूस झांजेवर पडला म्हणून.

सोफ्यावरून दशरथने रिमोट हातात घेतला. बटणावर अंगठा ठेवला, काढला. "बंद करू काय?" त्याने विचारलं. या घरात टीव्ही बंद करू काय, असं त्याने आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

"राहू दे," रत्नप्रभा म्हणाली. "तिचा वडा संपू दे."