वाकली की पळते

हुंडा ही समाजाला लागलेली कीड असून आपल्या घराण्यानं ती कायमची ठेचली आहे, असं सिल्लोडच्या साहेबरावांनी मुलाच्या लग्नाची सुपारी फुटताना उभं राहून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मग ते बसले आणि म्हणाले, "फक्त एक हौस हाय. नवरा-नवरीची एंट्री होव्हरबोर्डवर."

मुलाकडच्यांच्या हौसेला नाही म्हणणारा मुलीचा बाप अजून जन्माला यायचा आहे. पाचोडच्या मोतीरामांनी मान डोलावली.

लग्नाच्या आदल्या सकाळी बीड बायपासच्या मंगल कार्यालयात तालीम ठेवली. होव्हरबोर्ड म्हणजे बॅटरीवर पळणारी दोन चाकांची फळी. ती स्वतःचा तोल सांभाळते. वरच्या माणसाचाही सांभाळीन, असं तिनं कुणाला लिहून दिलेलं नसतं. मोतीरामांची लेक प्रेरणा वाळूजच्या कारखान्यात मालाची तपासणी करते. तिनं शालू सावरत फळीवर पाय ठेवला.

"डोक्यावर पदर घे, मान खाली घाल," होणाऱ्या सासूबाई सत्यभामा म्हणाल्या. "मोठी माणसं बसल्यात. वाकून नमस्कार करीत ये."

प्रेरणा वाकली. फळीला रीतभात ठाऊक नव्हती. पुढं झुकणं म्हणजे वेग वाढवणं, एवढंच तिला कळत होतं. नवरी थेट खुर्च्यांच्या रांगेत जाऊन आदळली. मनगट टम्म सुजलं.

"सरळ उभं राहायचं, मॅडम!" इव्हेंटवाला ओरडला.

"नवरी अन् ताठ? लोक काय म्हणतील?" सत्यभामाबाई.

"मग हेल्मेट तरी द्या," प्रेरणा म्हणाली.

"अन् मुंडावळ्या हेल्मेटावर बांधू? लई शोभंल!"

मोतीराम लेकीच्या मनगटावर बर्फ धरत पुटपुटले, "बाई, एका दिवसाचा तर प्रश्न हाय. जरा बेतानं वाक."

मनगटापेक्षा तिला हे जास्त लागलं.

"बेतानं? बाबा, असलं यंत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर मी नापास करून परत धाडलं असतं. उद्या डोकं फुटलं तर डॉक्टरला काय सांगाल, हौस होती? मी चालत येईन. चालत आलेली नवरी यांना चालत नसंल, तर लग्न नको."



"काय बी होत नाय!" साहेबराव कडाडले. "प्रणय, चढ रे. दाखव हिला!"

नवरदेव चढला. दोन्ही हात पसरून, जागच्या जागी थरथरत उभा राहिला.

"बघा, राजावानी उभाय!" म्हणत साहेबरावांनी घराण्याच्या इभ्रतीवर बोलायला घसा साफ केला.

प्रणय मान न वळवता हळूच म्हणाला, "प्रेरणा, तुझा बरा हात दे ना जरा. मला उतरता येईना."